पडद्यावरचा जासूद

अनुपमा उतेकरला कामाला बोलावणारे लोक तिला जेवायला बोलावत नाहीत. महाड-पोलादपुरात लग्न असो, गॅदरिंग असो की कुणाचा वाढदिवस, स्टेजमागे एलईडीचा मोठा पडदा लागला आणि त्यावरचं चित्र गाण्याच्या ठोक्यावर बरोबर हललं, की समजावं, बाजूच्या टेबलामागे ती बसलेली आहे. काम चोख. तोंड मात्र असं की मांडववाल्यांची पोरं तिच्या टेबलाला वळसा घालून जातात. तिच्या केबलीवर कुणी खुर्ची ठेवली तर ती खुर्ची उचलून मांडवाबाहेर भिरकावते, आणि बसलेला माणूस वेळेत उठला नाही तर त्याचीही ती फार काळजी करत नाही.

ती आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या वाडीतली. आयटीआय करून एमआयडीसीतल्या एका कारखान्यात लागली. टाक्यांवरचे काटे आणि सेन्सर नीट चालतात की नाही हे पाहायचं तिचं काम होतं. तिथल्या शिफ्ट इन्चार्जने एक दिवस सगळ्यांसमोर सांगितलं, "बायकांनी स्टोअरमध्ये बसून सामान मोजावं." अनुपमाने हेल्मेट काढून त्याच्या टेबलावर आपटलं आणि ती बस पकडून घरी आली. पुढे एका साऊंडवाल्याकडे वायरी गुंडाळता गुंडाळता तिने हे नवं काम उचललं.

हे काम म्हणजे यंत्रांना एका वेळेवर बांधणं. गाणं एका लॅपटॉपवरून वाजतं, चित्र दुसऱ्या यंत्रावरून निघतं, दिवे तिसऱ्याच्या ताब्यात. तिन्ही बटणं एकदम दाबली तरी थोड्याच वेळात कुणी पुढे सरकतं, कुणी मागे राहतं. म्हणून एका यंत्राने वेळ सांगत राहायची आणि बाकीच्यांनी ती ऐकून चालायचं. ही वेळ तास, मिनिट, सेकंद आणि सेकंदाचे बारीक तुकडे अशा आकड्यांनी तारेतून जाते. तिला टाइमकोड म्हणतात. ती तार चुकून स्पीकरला लागली तर नुसती कर्कश किरकिर ऐकू येते, पण यंत्रांना त्या किरकिरीत सगळं कळतं. अनुपमाला हे फार आवडलं. इथे एकच वेळ खरी असते आणि तिच्याशी कुणाला वाद घालता येत नाही.

माणसांच्या बाबतीत तिचा अनुभव उलटा होता, आणि त्याला कारण तिच्याच भावकीतला एक माणूस होता. भागोजीतात्या. नात्याने चुलता, घराला लागून घर.

आमच्याकडे गणपतीत आणि नंतरही शक्ती-तुऱ्याचे सामने होतात. एक बाजू शक्तीवाल्यांची, दुसरी तुरेवाल्यांची. मधे शाहीर, ढोलकी आणि झांज, भोवती पायांत चाळ बांधून फेर धरणारे नाचे. एकाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच त्याची हजामत करायची. वाडीचं मंडळ शक्तीवाल्यांचं. त्यात ढोलकीवर भागोजीतात्या आणि झांजेवर अनुपमाचे वडील, हैबती. दोघं तरुणपणापासून मांडीला मांडी लावून बसायचे.

अनुपमा शाळेत होती तेव्हाची गोष्ट. गौरीच्या दिवशी देवळापुढे सामना रंगात आला होता. तात्याने मधेच ढोलकी थांबवली. शाहीर गोंधळला, नाचे थांबले. तात्याने वाकून हैबतीच्या हातातली झांज काढून घेतली, जमिनीवर ठेवली आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाला, "ह्याच्या हातात आता ताल ऱ्हायला नाय. ह्याला घरी न्या कुणीतरी."

हैबतीच्या हाताला तेव्हा बारीकसा कंप सुटू लागला होता. तो उठला आणि घरी आला. त्यानंतर तो कुठल्याही मांडवात गेला नाही, स्वतःच्या पुतण्याच्या लग्नातही नाही. दोन घरांमध्ये निवडुंगाचं कुंपण उभं राहिलं. अनुपमा त्या रात्री गावच्या लोकांवर जास्त चिडली होती. तात्या बोलला ते बोलला, पण एकजणही "राहू दे" म्हणाला नव्हता.

गेल्या वर्षी मंडळाचा अध्यक्ष राजेश तिच्याकडे आला. राजेश मुंबईत नोकरीला, पण जीव सगळा वाडीच्या मंडळात. महाडच्या एका हॉलमध्ये रविवारी दुपारी मोठा सामना ठरला होता.

"मागच्या टायमाला तुरेवाल्यांनी पडदा आणून आपली पार इज्जत काढली," राजेश म्हणाला. "आपल्याला पण तसा पायजे. एकदम परफेक्ट."

"ढोलकीवर कोण?"

"तात्याच. दुसरं कोण हाय आपल्याकडे? तू... म्हणजे तुला चालेल ना?"

"चालेल," अनुपमा म्हणाली. राजेशला हायसं वाटलं. तिच्या डोक्यात काय आहे ते त्याला कळलं असतं तर तो चहा न पिताच गेला असता.

मंडळाचं नवं गाणं होतं एका जासुदाचं. गडावरचा निरोप घेऊन तो घाट चढतो, वाटेत वाघ, धुकं, शत्रूची चौकी, आणि शेवटी माथा. अनुपमाने पडद्यासाठी पळणारा जासूद तयार करून घेतला. काळी आकृती, मागे डोंगर, आणि ढोलकीच्या प्रत्येक ठोक्याला जमिनीवर पडणारा पाय. सोबत तुतारीचा रेकॉर्ड केलेला आवाज. हे सगळं टाइमकोडवर चालणार, म्हणजे वेग आधीच ठरलेला. वाजवणाऱ्याने कानात छोटं यंत्र घालायचं, त्यात टिक टिक ऐकू येते, त्या टिकटिकीवर वाजवायचं. तिला तेच हवं होतं. जन्मभर दुसऱ्याचा ताल काढणाऱ्या माणसाने तिचा ठोका कानात घालून खाली मान घालून वाजवावं.

तालीम पोलादपुरात होती. तिने कानातलं यंत्र तात्यापुढे धरलं. तात्याने ते घेतलं, कानाशी नेलं, डोळे बारीक केले.

"ही पाल कुठं चुकचुकते?"

सगळे हसले.

"त्या ठोक्यावर वाजवायचं," अनुपमा म्हणाली. "नाहीतर चित्र जुळणार नाही."

"मंग चित्राला सांग माज्याशी जुळायला." एवढं बोलून तात्याने ते यंत्र शेजारच्या पाण्याच्या तांब्यात टाकलं आणि ढोलकीवर थाप मारली.

राजेशने हात जोडून सगळ्यांना गप्प केलं आणि गाणं तसंच चालू करायला सांगितलं. व्हायचं तेच झालं. तात्याने पहिलं कडवं रेंगाळत नेलं, शाहिराला आलाप घ्यायला मोकळं सोडलं. पडद्यावरचा जासूद मात्र ठरल्या वेगाने पळत सुटला. शाहीर दुसऱ्या कडव्यातल्या वाघापाशी होता तेव्हा जासूद माथ्यावर पोचून निरोप देऊन मोकळा झाला होता, आणि तुतारी वाजत होती. नाचे पोट धरून हसू लागले. हसत होते ते अनुपमाला.

तात्याने ढोलकी मांडीवरून उतरवली. "हैबत्याची पोर," तो म्हणाला. "बापाला नाय ताल, पोरीला कुठनं येणार?"

 हातात होतं ते अनुपमाने फेकून मारलं असतं, पण हातात तिचा स्वतःचा लॅपटॉप होता.

घरी आल्यावर हैबतीने विचारलं तेव्हा तिने सगळं सांगितलं. शेवटचं वाक्यसुद्धा. हैबती अंगणातल्या दगडावर जाऊन बसला.

"तू त्याला बांधाया गेलीस," तो म्हणाला. "भाग्या कुणाच्या मागनं चालला नाय कधी. त्याला फुडं जाऊ द्यायचा आन् आपण मागनं जायाचं. कुठं पडतो त्ये बगत."

"मागून कसं जाणार? तो कधी काय करेल ते कळत नाही."

"कळतं. येवढी वर्सं बसलोय त्याच्या मांडीला. उजव्या हातानं पुडीच्या शाईवर काय वाट्टेल ती थेरं करील, पण डाव्या हाताची समेची धूम कधी सोडणार नाय. तेवढीच धरून ऱ्हायचं."

 अनुपमा उठून आत गेली आणि तिने लॅपटॉप उघडला.

टाइमकोडशिवाय दुसराही एक प्रकार असतो. टाइमकोड भिंतीवरच्या घड्याळासारखा आहे, तो कुणासाठी थांबत नाही. दुसऱ्या प्रकारात तारेतून वेळ जात नाही, ठोके जातात. ठोके जवळ आले की चित्र पळतं, लांबले की रेंगाळतं. हे ठोके यंत्राने स्वतः न काढता एखाद्या वाद्याच्या माइकवरून घ्यायचे, अशीही सोय असते. ढोलकीच्या डाव्या पुडीला माइक लागणारच होता. त्यातली फक्त जाड धूम गाळून घेतली की काम झालं. रेकॉर्ड केलेली तुतारी अशी पळत-रेंगाळत वाजणार नव्हती, म्हणून ती काढून टाकावी लागणार होती. शाहिरालाच ती तोंडाने काढू दे, असं तिने ठरवलं.

करून पाहायला मात्र ढोलकी वाजवणारं कुणीतरी हवं होतं, आणि तेही भागोजीसारखं वाजवणारं. हैबतीने माळ्यावरून जुनी ढोलकी काढली. त्या गौरीपासून त्याने वाद्याला हात लावला नव्हता. तो भिंतीला टेकून बसला आणि भाग्या कुठे ओढतो, कुठे सोडतो, कुठे शाहिराला मुद्दाम फसवतो, ते एकेक करून दाखवू लागला. शत्रूची त्याने केली तितकी हुबेहूब नक्कल प्रेमाच्या माणसाचीसुद्धा कुणी करत नसेल.

पण लॅपटॉपवरचा जासूद लडखडत होता. हैबतीचा हात कापायचा, धूम किंचित मागेपुढे पडायची, आणि जासुदाचा पाय दारू प्यायल्यासारखा वाकडा जायचा. हैबती खाली बघून वाजवत होता, त्याला ते दिसत नव्हतं. अनुपमाने एक आकडा वाढवला. ठोका कितपत मागेपुढे झाला तरी तिकडे लक्ष द्यायचं नाही, याचा तो आकडा. ती त्याला सूट म्हणायची. सूट दिल्यावर जासूद सरळ पळू लागला.

"बगू," हैबती म्हणाला. त्याने वाजवता वाजवता मान वर केली. चित्रातला माणूस त्याच्या हातावर पळत होता. तो लहान पोरासारखा हसला.

रविवारी हॉल गच्च भरला. पहिल्या पाळीचे कामगार कारखान्याच्या बसमधून उतरून थेट आले होते. वाडीवस्तीवरून टेम्पो भरून माणसं आली होती. पहिली बारी तुरेवाल्यांची झाली. त्यांनी शक्तीवाल्यांच्या पडद्याची टर उडवली. तालमीतली गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली होती. "घोडं पोचलं गडावर, स्वार राहिला नदीपार" अशी एक ओळ त्यांच्या शाहिराने टाकली आणि हॉल हसून हसून कोसळला.

मग शक्तीवाल्यांची बारी. तात्या येऊन बसला. त्याने अनुपमाच्या टेबलाकडे पाहिलं आणि पानाचा तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला. त्या दिवशी तिची फजिती करायचीच असं त्याने ठरवलं होतं. नंतर त्याने ते स्वतःच गावभर सांगितलं. मंडळ हरलं असतं तरी त्याला चाललं असतं.

अनुपमाने तिकडे न पाहता सुटीचा आकडा शून्यावर नेला. तात्याला सूट नाही.

गाणं सुरू झालं. पहिल्या धुमेला जासुदाने पाय उचलला. तात्याने चार ठोके सरळ दिले आणि एकदम लय दुप्पट केली. जासूद दुप्पट पळाला. तात्याने पाठीमागे मान वळवली. त्याने लय खाली आणली, अगदी म्हशीच्या चालीवर आणली. जासूद तसाच, जड पावलांनी चढू लागला. लोकांना वाटलं, सगळं ठरवून बसवलंय. शिट्ट्या सुरू झाल्या.

तात्याचा चेहरा लाल झाला. त्याने शाईवर बोटांचा पाऊस पाडला, आडव्यातिडव्या तिहाया घेतल्या. जासूद ढळला नाही, तो फक्त डाव्या हाताचं ऐकत होता. मग तात्याने खांदा किंचित वर घेतला. हैबतीने तेही सांगितलं होतं. खांदा वर आला की भाग्या थांबतो. अनुपमाचं बोट बटणावर होतं. ढोलकी तुटल्यासारखी बंद झाली आणि त्याच क्षणी जासूद एक पाय हवेत ठेवून गोठला.

 तात्या पडद्याकडे पाहत होता, अनुपमा तात्याकडे. दोघांच्याही तोंडावर इतका राग होता की पहिल्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "आता मारामारी होते बघा."

तात्याने एक धूम मारली. जासुदाने एक पाऊल टाकलं. पुन्हा थांबला. पुन्हा एक धूम, पुन्हा एक पाऊल. हॉलमधून आरोळी उठली. त्यानंतर तात्या असा वाजवत सुटला की शाहिराला शब्द गिळावे लागले. नाच्यांचे चाळ सुटून पडले. जासूद घाट चढला, धुक्यात शिरला, चौकी ओलांडून माथ्यावर पोचला, आणि तुरेवाल्यांचा शाहीर स्वतः उठून उभा राहिला.

टाळ्या तात्याला मिळाल्या. "म्हाताऱ्यानं पडद्यावरचा माणूस नाचवला," असं जो तो म्हणत होता. टेबलामागे कुणी होतं हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. राजेशने नारळ दिला तो तात्याच्या हातात.

वायरी गुंडाळत असताना तात्या तिच्यापुढे येऊन उभा राहिला.

"माजा ठोका चोरलास."

"तुम्हीच म्हणालात, चित्राला सांग माझ्याशी जुळायला. सांगितलं."

"मला न इचारता."

"माझ्या बाबांच्या हातातली झांज घेताना विचारलं होतं?"

"हैबत्याचा ताल गेलाच व्हता," तात्या म्हणाला. "गेलेल्याला गेला म्हणलं. त्यात माजी काय चूक?"

तिने नारळ नसलेल्या हाताकडे पाहिलं. त्या हाताची बोटं सुजली होती. "केबलीवरून पाय काढा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गाण्याचा व्हिडिओ मोबाइलवरून वाडीत फिरला. हैबतीने तो ओटीवर बसून पुन्हा पुन्हा पाहिला आणि एका जागी थांबवला. "हितं. चौकीच्या आदी. जासूद ठेचकाळला." हॉलमधल्या गोंगाटात ते कुणाला दिसलं नव्हतं. जासुदाचा पाय वाकडा पडला होता, एकदा नाही, दोनतीनदा. "भाग्याचा हात बी गेला," हैबती म्हणाला. त्याच्या आवाजात इतका आनंद अनुपमाने कधी ऐकला नव्हता. मग त्याने स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

"माज्या हातावर मातुर सरळ पळत व्हता."

 अनुपमाला खोटं बोलता आलं असतं. पण ती कधी बोलली नव्हती आणि ऐन वेळी तिला जमलं नाही.

"तुमच्यासाठी सूट दिली होती," ती म्हणाली.

"कसली सूट?"

तिने सांगितलं. हैबतीने ढोलकी आणायला लावली, सूट काढायला लावली, आणि लॅपटॉप समोर ठेवून वाजवलं. जासूद पहिल्या पावलापासून झिंगल्यासारखा चालला. हैबती वाजवत राहिला आणि बघत राहिला.

"म्हंजे भाग्या खोटं बोलला नव्हता," तो शेवटी म्हणाला. "आन् तू माज्या तोंडावर खोटं दावलंस. त्यानं निदान समोर सांगितलं व्हतं."

त्यानंतर बरेच दिवस तो तिच्याशी बोलला नाही. ती ताट वाढून ठेवायची, तो जेवून उठायचा. बनुबाई, तिची आई, दोघांच्या मधे निरोप नेऊन थकली.

एका सकाळी हैबती मोबाइल घेऊन उठला आणि निवडुंगाला वळसा घालून तात्याच्या अंगणात गेला. अनुपमा मोरीपाशी उभी होती, तिला सगळं ऐकू येत होतं. तात्या पायरीवर सुपाऱ्या सोलत होता. हैबतीने व्हिडिओ लावून त्याच्यासमोर धरला.

"बग. चौकीच्या आदी. तुजा बी गेला, भाग्या."

तात्याने पाहिलं. मोबाइल परत दिला.

"मला ठावं हाय. दोन वर्सं झाली. तुला उठवाया मी तरी व्हतो."

"मी आलोय की आता. ऊठ."

"तू सांगितलंस म्हणून उठंन व्हय?" तात्याने सुपारी पाटीत टाकली. "चल, चालू लाग आपल्या घराला."

हैबती गेला तसा परत आला. निघताना त्याने सूट दिल्याची गोष्ट मात्र तात्याच्या कानावर घातली होती. पोरीने बापाला सूट दिली, तुला दिली नाही, हे सांगितल्याशिवाय त्याला राहवलं नसावं.

या वर्षी गणपती जवळ आल्यावर राजेश पुन्हा आला. मंडळाला हिरकणीवाडीला बोलावणं होतं. तात्याच वाजवणार होता. आणि तात्याने निरोप दिला होता की त्या यंत्रात जी काय सूट असते ती त्याच्यासाठी लावायची नाही.

"लावणारच नव्हते," अनुपमा म्हणाली. "आणि त्यांना सांग, डावा माइक मी लावणार. त्यांनी हात लावायचा नाही."

"तुम्ही दोघं एकमेकांशी का बोलत नाही? मी काय पोस्टमन हाय?"

"येतोस कशाला मग?"

हिरकणीवाडीला दुपारी सामान उतरलं तेव्हा तात्या आधीच येऊन बसला होता. टेबल त्याच्या पाठीमागे नको, समोर हवं, पोर काय करते ते मला दिसलं पाहिजे, असा त्याचा हट्ट. अनुपमाचं म्हणणं, समोर ऊन येतं, लॅपटॉप तापतो. राजेश घामाघूम होऊन टेबलाचं एक टोक धरून उभा होता. दुसरं टोक धरायला कुणी पुढे होत नव्हतं. शेवटी तिनेच ते धरलं आणि ओढत समोर नेलं, पण मांडवाच्या तोंडाशी नाही, तात्याच्या अगदी नाकासमोर, इतकं जवळ की नाच्यांना फेर धरायला जागा उरली नाही. आता त्यावरून नाचे भांडू लागले.